शिरोरेषा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक: छोट्या सीएनसीवर पाट्या कोरताना पुन्हा पुन्हा येणारा त्रास

‘आईची सावली’ ही दोन शब्दांची पाटी मी पाच वेळा कोरली. गल्लीतल्याच एका घराची वास्तुशांती होती, पाटी सागवानाची हवी होती, आणि माझं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर कोरणारं मशीन, घरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहिल्या पाटीत ‘आ’च्या डोक्यावरची रेघ चांगली ठसठशीत आली. ‘ली’पर्यंत पोचता पोचता तीच रेघ इतकी रोडावली की लांबून बघितलं तर पाटी तिरपी टांगल्यासारखी वाटायची. दुसरी पाटीही तशीच. तिसऱ्या वेळी नवाकोरा बिट (कोरणारं पातं) लावला, तरी तेच.

हा त्रास माझ्याकडं वर्षभरात तीनदा आला. तिन्ही वेळा दिसायला भावंडं, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं. पहिल्यांदा सापडलेला उपाय दुसऱ्या वेळी लावत बसले आणि आठवडा घालवला. तुमचा तसा जाऊ नये म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

मशीन म्हणजे नवशिक्यांपैकी बहुतेकांकडं असतं तेच, ३०१८. कोरायला ३०० बाय १८० मिलिमीटर जागा, ॲल्युमिनियमची चौकट, २४ व्होल्टची ७७५ मोटर, आत जीआरबीएल, म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली. उदगीरला आमच्या घराच्या ओसरीत, अण्णांच्या रंध्या-पटाशांच्या शेजारी ते मांडलंय. अण्णा पेशानं सुतार. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, “ह्याला धार कोण लावतंय?”

आधी व्ही-बिटचं, म्हणजे टोकाला निमुळत्या बिटचं गणित, कारण ते डोक्यात बसलं की निम्मा घोळ तिथंच सुटतो. सरळ एंड मिलनं (वरून खालपर्यंत सारख्या जाडीच्या बिटनं) रेघ कोरली तर खोली थोडी कमीजास्त झाली तरी रुंदी तीच राहते. व्ही-बिट मात्र जितका खोल जाईल तितकी रेघ रुंद होते. ६० अंशांचा बिट १ मिलिमीटर खोल गेला तर रेघ साधारण १.१५ मिलिमीटर रुंद. ९० अंशांचा असेल तर पूर्ण २. ३० अंशांचा असेल तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे ९०च्या बिटला खोलीतली ०.२ची चूक रुंदीत ०.४ होऊन डोळ्यात खुपते, आणि तीच चूक ३०च्या बिटनं कुणाला कळतसुद्धा नाही. नवीन असताना ९०चा बिट लावून मोठी नावं कोरायचा मोह टाळा, त्याचं खरं कारण हे.

माझ्या पहिल्या पाटीवर व्हर्नियर लावला. शिरोरेषा डावीकडं ३.४, उजवीकडं २.५. रुंदीत ०.९चा फरक, म्हणजे ६०च्या बिटच्या हिशेबानं खोलीत पाऊण मिलिमीटरहून किंचित जास्त. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. पाटीच्या एका टोकाखाली एटीएम कार्ड सरकवून कोरलं असतं तरी नेमकं हेच झालं असतं.

आपल्या लिपीत ही चूक जास्त दिसते. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, पहिल्या अक्षराची जाडी शेवटच्या अक्षराशी कुणी ताडून बघत नाही. आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यावरून एकच रेघ जाते, आणि नजर तिच्यावरून घसरत जाते. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. आता मी तिच्याकडं फुकटात मिळालेलं मोजमापाचं हत्यार म्हणून बघते. मशीनला काय दुखतंय ते शिरोरेषा सांगते, फक्त तिला नीट विचारावं लागतं.

कसं विचारायचं ते मला मावसभावानं शिकवलं. दादा वाळूजला एका कारखान्यात व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं मोठं सीएनसी चालवतो. त्याला फोटो पाठवले. मला वाटलं तो दोन-चार सेटिंग सांगून मोकळा होईल. त्यानं फोन करून उलट मलाच विचारलं, “चूक जागेची हाय का वेळेची?”

मला काही कळेना.

“अगं, फळीच्या उजव्या अंगाला गेलं की बारीक व्हायलंय, का उशिरा कोरलं की बारीक व्हायलंय? तू डावीकडून उजवीकडं कोरायलीस, म्हणून तुला दोन्ही एकच वाटायलंय.”

सगळं कोडं एवढंच आहे. चूक जागेची असेल तर फळी, बेड किंवा क्लॅम्प बघायचा. वेळेची असेल तर काम चालू असताना मशीनवरचं काहीतरी सरकतंय: बिट, कपलर (मोटरचा दांडा आणि स्क्रू जोडणारा तुकडा), मोटर किंवा स्टेप (मोटरचं एकेक पाऊल). पहिल्या प्रकारात कॉलेट (बिट धरणारी पकड) आवळून उपयोग नाही, दुसऱ्या प्रकारात रंधा मारून उपयोग नाही. नवशिका माणूस (म्हणजे मी) दोन्ही एकदम करतो, काहीतरी सुधारतं, आणि नेमकं कशानं सुधारलं ते कळत नाही. मग तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

हे ओळखायला मी आता एमडीएफच्या तुकड्यावर रेघा मारते. फाइल साधी: २०० मिलिमीटर लांबीच्या दहा आडव्या रेघा, दोन रेघांत १० मिलिमीटर अंतर, खोली १ मिलिमीटर. पहिली रेघ डावीकडून उजवीकडं, दुसरी उजवीकडून डावीकडं, असं शेवटपर्यंत. दहावी झाली की अकरावी रेघ परत पहिलीच्या शेजारी, ३ मिलिमीटर अंतरावर. ही अकरावी विसरू नका, खरी साक्ष तीच देते. पहिली आणि अकरावी एकाच जागी आहेत, पण दोघींत पाच-सहा मिनिटांचं अंतर आहे. दोघींची जाडी सारखी असेल तर काम चालू असताना काही सरकलेलं नाही. मग दहाही रेघा एकाच बाजूला बारीक असतील तर चूक जागेची. उलट अकरावी पहिलीपेक्षा जाड किंवा बारीक असेल तर खालची फळी बघत बसू नका, काम चालू असताना काहीतरी हललंय.

रेघा मारायला वेळ नसेल तर कागदावर भागतं. झीरो घेताना, म्हणजे फळीचा पृष्ठभाग कुठं आहे ते मशीनला दाखवताना, झेरॉक्सचा साधा कागद (जाडी साधारण ०.१ मिलिमीटर) बिटखाली धरून तो अडकेपर्यंत खाली येतो ना, तेच काम संपल्यावर पुन्हा करायचं. त्यासाठी सुरुवातीचा बिंदू पाटीच्या न कोरलेल्या कोपऱ्यावर ठेवा. स्पिंडल बंद करा, बिट वर असतानाच एक्स आणि वाय (आडव्या चाली) शून्यावर न्या, आणि मग झेड (वर-खालची चाल) ०.१, ०.१ करत उतरवा. थेट शून्यावर पाठवू नका; बिट घसरून लांब झालेला असेल तर तो सरळ लाकडात घुसेल. सुरुवातीला कागद झेड शून्यावर अडकला होता आणि आता ०.३वरच अडकला, तर बिट किंवा झेड खाली आलाय. शून्यावर येऊनही कागद मोकळा फिरतोय, तर वर गेलाय. जिथल्या तिथं अडकला तर चूक जागेची.

माझी पहिली चूक जागेची निघाली, आणि तीही एक नाही, दोन.

दादा सुटीला आला तेव्हा पिशवीतून डायल गेज (उंचीतला बारीक फरक दाखवणारं घड्याळासारखं माप) आणि चुंबकाचा स्टँड घेऊन आला. कारखान्यातल्या सवयीनं त्यानं स्टँड चौकटीवर ठेवून कळ फिरवली आणि हात काढला. स्टँड आडवा. ॲल्युमिनियमला चुंबक कसलं चिकटतंय! अण्णा ओसरीच्या कडेला बसून हसायला लागले. शेवटी आम्ही कागदावरच आलो. बेडवर नऊ ठिकाणी बिट नेऊन कागद कोणत्या आकड्याला अडकतो ते वहीत लिहिलं. डावीकडचा मागचा कोपरा आणि उजवीकडचा पुढचा कोपरा यांत ०.४चा फरक. या मशीनचा बेड आणि वरची आडवी चौकट एकमेकांना समांतर आहेत असं आपण गृहीत धरतो. ती आपणच स्क्रूनं जोडलेली असते, तेव्हा ती समांतर नसते हेच गृहीत धरायचं.

यावर उपाय ठरलेला आहे. बेडवर १२ मिलिमीटरची एमडीएफ पक्की बसवायची, आणि मशीननंच तिचा वरचा थर काढायचा. मी ६ मिलिमीटरचा सपाट बिट लावून ०.२, ०.२ असे तीन थर काढले. आता ती एमडीएफ सपाट असो नसो, मशीनच्या चालीशी मात्र समांतर आहे, आणि आपल्याला तेवढंच हवंय. थर काढल्यावर हात फिरवला आणि पट्ट्यापट्ट्यांच्या कडा बोटाला लागल्या तर स्पिंडल किंचित कलतंय. मोटर धरणाऱ्या ब्रॅकेटचे स्क्रू ढिले करून कागदाची घडी सारून ते सरळ होतं. एक लक्षात ठेवा: ही एमडीएफ एकदा काढून पुन्हा लावली की थर पुन्हा काढायचा. आणि पावसाळ्यात ती कडेनं फुगते. मी कडांना फेव्हिकॉल पातळ करून दोन हात दिलेत.

एवढं करून चौथी पाटी कोरली. फरक निम्मा झाला, गेला नाही. मी पुन्हा सेटिंगमध्ये डोकं घातलं. अण्णांनी पाटी उचलून एक डोळा मिटून कडेवरून बघितली.

“मशीनला काय शिव्या द्यायलीस? फळी पिळलीय की.”

लाकडाबद्दल इंटरनेटवर सगळ्यात कमी आणि घरात सगळ्यात जास्त माहिती मिळाली, म्हणून इथं जरा थांबते. माझी फळी किनवटकडच्या सागवानाची, वखारीतून आणलेली, चांगली. ती मी ओसरीतल्या फरशीवर आडवी टाकली होती, वर पंखा. खालून फरशीचा गारवा, वरून वारा. वरची बाजू सुकून आकसली, खालची तशीच राहिली, फळीच्या कडा वर उचलल्या. अण्णांच्या शब्दांत, “लाकूड मेलं तरी पाणी पितंय.” लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा तव्यासारखी कोरडी आणि श्रावणात दमट, त्यामुळं वर्षातून दोनदा तरी फळी आपला आकार बदलते. सागवान कमी हलतं म्हणून त्याचं नाव. आंब्याची फळी घेऊन मी एकदा पाट करायला बसले होते, तो विषय नको.

फळी कुठं वळणार हे आधी सांगता येतं. तिच्या डोक्याकडून, म्हणजे कापलेल्या टोकाकडून बघा. वर्षांच्या वळ्यांच्या कमानी दिसतील. सुकताना त्या कमानी सरळ व्हायला बघतात, म्हणून फळीची सालीकडची बाजू खोलगट होते आणि गाभ्याकडची बाजू फुगते. मशीनवर ठेवताना खोलगट बाजू खाली ठेवावी. मग फळी दोन्ही कडांवर टेकते, डुगडुगत नाही. फुगीर बाजू खाली ठेवली तर ती डोलते, आणि आपण क्लॅम्प आवळून तिला गप्प बसवलं की काम संपेपर्यंत ती सपाट राहते, क्लॅम्प सोडला की परत आपल्या आकारात. त्यात कोरलेली अक्षरंही तिच्याबरोबर वळतात.

वळलेल्या फळीची खूण शिरोरेषेवर वेगळी उमटते. बेड तिरपा असेल तर रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरळ रोडावत जाते. फळीला मध्ये फुगा असेल तर रेघ मध्यभागी जाड आणि दोन्ही टोकांना बारीक, मध्ये खळगा असेल तर उलटं. पिळलेली फळी सगळ्यात लबाड: वरच्या ओळीत डावीकडं जाड, खालच्या ओळीत उजवीकडं जाड. दोन ओळींची पाटी असेल तर हे लगेच कळतं. एकाच ओळीच्या पाटीत तिरपा बेड आणि पीळ यांत फरक करता येत नाही, तिथं फळी मशीनवर फिरवून ठेवूनच बघावी. १८० अंशांत फिरवून, फळीच्या पहिल्या रेघेलगतच्याच रिकाम्या कडेला, तीच रेघ पुन्हा मारा. जाड टोक फळीबरोबर फिरलं तर दोष फळीत. जाड टोक मशीनच्या त्याच बाजूला राहिलं तर बेडमध्ये.

आता माझी फळी कोरण्याआधी दोन आठवडे ओसरीतच, पण खाली दोन पट्ट्या देऊन, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी पडून असते. कोरायच्या दिवशी अण्णा तिच्यावर रंधा मारतात. ते नसले तर मी जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवते, फळीवर पेन्सिलीनं भराभर गिरगटते आणि फळी त्यावर घासते. जिथं पेन्सिल राहिली तिथं खळगा. सगळी पेन्सिल गेली की झालं. शेवटी पोलादी फुटपट्टी उभी धरून मागून मोबाइलचा टॉर्च. फटीतून उजेड आला तर अजून थोडं.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, सॉफ्टवेअरमध्ये हाइटमॅप आहे, मशीन स्वतःच पृष्ठभाग मोजून खोली जुळवून घेईल. आहे, आणि पीसीबीसाठी (तांब्याच्या थराच्या सर्किट बोर्डासाठी) उत्तम आहे, कारण तांब्यातून वीज वाहते, बिट टेकला की मशीनला कळतं. लाकडाला वीज कळत नाही. त्यावर फॉइल चिकटवून मोजणारे लोक आहेत. मला विचाराल तर एवढ्या उपद्व्यापात फळीला दोन हात रंधा मारून होतो, आणि रंधा मारलेली फळी भिंतीवर टांगल्यावरही सपाट दिसते. हाइटमॅपनं कोरलेली फळी वाकडी ती वाकडीच.

जागेच्या चुकांत एक क्षुल्लक पण हमखास भेटणारी: फळीखाली राहिलेला भुसा. मागच्या कामाची चिमूटभर बुकणी एका कोपऱ्याखाली गेली तरी ०.२-०.३चा फरक पडतो. फळी ठेवण्याआधी ब्रश. बाकी क्लॅम्पबद्दल: हे छोटे क्लॅम्प फार आवळले की फळीची कड दाबतात आणि मध्य वर उचलतात. पातळ फळीला मी क्लॅम्प लावतच नाही. बेडवर आणि फळीच्या पाठीवर मास्किंग टेप, दोन टेपांच्या मध्ये फेव्हिक्विकचे थेंब. घट्ट बसते आणि नंतर सोलून निघते.

पाचवी पाटी डावीकडं ३.०, उजवीकडं ३.०. ती वास्तुशांतीला गेली. तिथल्या आजींनी पाटी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, “चांगलीय की, पर ह्यो ल हिंदीतला हाय.” बरोबर होतं. फाँट निवडताना मराठी ‘ल’ आणि मराठी ‘श’ त्यात आहेत का ते बघून घ्या; खोलीच्या नादात मी ते पाचही वेळा बघितलं नव्हतं.

गणपतीच्या आधी त्रास परत आला. तशीच रेघ, डावीकडं जाड, उजवीकडं बारीक. मी काय केलं असेल? बेडचा थर पुन्हा काढला. फळी पुन्हा घासली. सहा दिवस. सातव्या दिवशी अकरा रेघा मारल्या, आणि अकरावी पहिलीपेक्षा स्पष्ट बारीक होती. वेळेची चूक! बिट कॉलेटमध्ये हळूहळू वर सरकत होता. बोथट झालेला व्ही-बिट लाकूड कापण्याऐवजी त्यावर दाबून बसतो, लाकूड त्याला वर ढकलतं, आणि कॉलेट ढिलं असेल तर तो वर जातो. भुसा वर काढणारा सर्पिल एंड मिल याच्या उलट वागतो: तो स्वतःला लाकडात ओढून घेतो, म्हणून ढिल्या कॉलेटमधून खाली उतरतो आणि काम खोल खोल होत जातं. म्हणजे दिशेवरूनही अंदाज येतो.

कॉलेट ढिलं का, तर मी ते चुकीचं बसवत होते. ईआर ११ (कॉलेटचा हा एक ठरलेला प्रकार) कॉलेट आधी नटमध्ये तिरपं धरून टक् आवाज होईपर्यंत बसवायचं, आणि मग नट स्पिंडलवर चढवायचा. मी कॉलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट लावत होते. दिसायला घट्ट, पण कॉलेट सारखं आवळलं जात नाही, आणि काढताना आत अडकून बसतं ते वेगळंच. शिवाय कॉलेट ३.१७५चं आणि एका संचातले बिट ३ मिलिमीटर दांड्याचे, हेही तेव्हाच कळलं. दुकानदारानं दोन्ही एकाच डब्यात घालून दिले होते. दांडा कॉलेटच्या निदान दोन तृतीयांश लांबीपर्यंत तरी आत गेला पाहिजे, आणि कॉलेटच्या चिरांमधली बुकणी जुन्या टूथब्रशनं काढत राहायची.

त्या दिवसापासून मी नेलपॉलिश वापरते. बिटचा दांडा जिथं नटमध्ये शिरतो तिथं लाल रेघ, अर्धी दांड्यावर, अर्धी नटवर. झेडच्या मोटरच्या दांड्यावरून कपलरवर येणारी दुसरी रेघ. कपलरवरून लीड स्क्रूवर (स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या लांब स्क्रूवर) जाणारी तिसरी. काहीही सरकलं की रेघ तुटते, आणि नेमकं कुठं तुटलं ते लांबून दिसतं. दादानं फोटो बघून सांगितलं की त्यांच्याकडंही असंच करतात, फक्त मार्कर पेननं.

दिवाळीच्या आधी तिसऱ्यांदा झालं, या वेळी उलटं: रेघ बारीक सुरू होऊन जाड होत गेली. या खेपेला सहा दिवस लागले नाहीत, सहा मिनिटं लागली. कपलरवरची रेघ तुटलेली होती. त्याचा ग्रब स्क्रू (दांडा दाबून धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला झाला होता. स्पिंडल वर उचलताना वजन विरुद्ध असतं, म्हणून दांडा उचलताना निसटायचा, उतरताना नाही. प्रत्येक उचलीला थोडा कमी वर, म्हणून प्रत्येक वेळी थोडा जास्त खोल. स्क्रू काढला, दांड्याचं तेल पुसलं, आवळला. दांड्याला एक बाजू सपाट असेल तर ग्रब स्क्रू त्या सपाट बाजूवरच यायला हवा.

रेघा शाबूत असूनही वेळेची चूक येत असेल तर झेडच्या स्टेप चुकतायत. मोटर जोर लावते, हलत नाही, पण जीआरबीएलला वाटतं हलली. जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये डॉलर ११२ ही झेडची कमाल गती आणि डॉलर १२२ हे त्याचं त्वरण. दोन्ही निम्म्यावर आणून बघा. काम थोडं लांबेल, बिघडणार नाही. डॉलर १ मध्ये २५५ लिहा, म्हणजे मोटर थांबल्यावरही धरून राहते. नाहीतर थोडी उसंत मिळाली की ती मोकळी सुटते आणि वरचं वजन तिला किंचित खाली आणू शकतं. उन्हाळ्यात ओसरीत पारा ४०च्या पुढं असताना मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर चिपच्या हीटसिंकला हात लावता येत नव्हता. त्यावर संगणकाचा जुना पंखा बसवल्यावर दुपारी चुकणाऱ्या स्टेप थांबल्या. आणि मध्येच लाइट गेली, तर आलेल्या लाइटवर काम पुढं चालू करायचं नाही. लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचलं की कळवणारं बटण) नसलेल्या मशीनला लाइट गेल्यावर आपण कुठं होतो ते आठवत नसतं. कोपऱ्यावरून पुन्हा झीरो घ्या, मगच पुढं.

एक चूक मात्र ना जागेची ना वेळेची. शिरोरेषेवर प्रत्येक दोन अक्षरांच्या सांध्यावर बारीक गाठ किंवा खाच दिसते, बाकी रेघ ठीक. हे फाइलमधलं आहे. फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर एक रेघ दिसते, पण बाह्यरेषा दोन असतात, आणि कार्व्हिंगचं सॉफ्टवेअर त्या चढलेल्या भागाला भोक समजून कोरायचं सोडतं. इंकस्केपमध्ये आधी ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग युनियन. जोडाक्षरं मोडण्याचा त्रासही त्यानंच जातो, कारण नंतर ते मजकूर राहत नाही, चित्र होतं. ध, भ, थ यांच्या डोक्यावर रेघ मुळातच तुटलेली असते. मी पहिल्यांदा ‘धनधान्य’ कोरलं तेव्हा तीही चूक समजून दुरुस्त करत बसले होते.

सगळीच रेघ सारखी जाड किंवा सारखी बारीक येत असेल तर घाबरू नका, तो मध्येच खोली बदलण्याचा आजार नाही. बहुतेक बिटचा कोन सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा भरलाय, नाहीतर झीरोच चुकीचा घेतलाय. काही विक्रेते बिटचा पूर्ण कोन लिहितात, काही अर्धा. मापून घ्या. आणि सागवानाचा भुसा नाकात-त्वचेवर त्रास देतो, मास्क लावा. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळं बिट लवकर बोथट होतो, आणि बोथट बिट काय करतो ते वर आलंच.

राहिल्या बिघडलेल्या पाट्या. त्यातली तिसरी मी चुलीकडं टाकली होती. अण्णांनी ती उचलून आणली. व्ही आकाराची खाच वर रुंद, खाली निमुळती. म्हणजे वरचं लाकूड काढलं की अक्षर आपोआप बारीक होतं. जिथं रेघ जाड तिथं फळी उंच होती, एवढंच तर झालं होतं. त्यांनी डाव्या बाजूवर रंधा अगदी केसभर सोडून, उजवीकडं येताना हलका करत, दहा-बारा हात मारले. मध्ये मध्ये मी व्हर्नियर लावून आकडा सांगत होते: ३.२, २.९, २.७. शेवटी डावीकडं २.६, उजवीकडं २.५. रंग द्यायच्या आधीच हे करावं लागतं, आणि रंध्याची धार ताजी हवी, नाहीतर अक्षरांच्या कडा फाटतात. ‘ली’च्या वेलांटीपाशी एक कपची निघालीच. तिथं अण्णांनी सागवानाचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून अंगठ्यानं दाबला. ती पाटी आता ओसरीत, मशीनच्या वर लावलीय. कपची कुठं होती ते मला दिसतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अजून दिसलेली नाही.